आयताला चार अक्ष? सममितीतली तीच ती चूक आणि तिचा बंदोबस्त

सहावी-सातवीच्या वह्या तपासणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं असेल. आयताला सममितीचे अक्ष किती, तर चार. समांतरभुज चौकोनाला दोन. स्वस्तिकाला चार. समभुज त्रिकोण कमीत कमी किती अंशांतून फिरवला की स्वतःवर बसतो, तर साठ. चारही उत्तरं चूक, आणि दरवर्षी नव्या मुलांच्या वहीत ती त्याच आत्मविश्वासाने येतात. लाल पेनाने खोडून बरोबर आकडा लिहून दिला की मूल तो पाठ करतं. पुढच्या चाचणीत आकृती जरा तिरकी काढली की पहिले पाढे पंचावन्न.

आकडा दुरुस्त करून ही चूक जात नाही, कारण ती आकड्याच्या आधीच झालेली असते. सममिती म्हणजे काय, याचं मुलाने मनात धरलेलं वाक्यच गडबडीचं असतं. तिथूनच सुरुवात करू.

आधी निदान

मुलाला 'अक्ष किती' हे विचारू नका. 'सममितीचा अक्ष म्हणजे काय' हे विचारा. 'आकृतीचे दोन समान भाग करणारी रेषा' असं उत्तर आलं की रोग सापडला. आयताचा कर्ण आयताचे दोन समान भाग करतोच करतो. मग मुलाने दोन मध्यरेषा आणि दोन कर्ण मिळून चार अक्ष मोजले, तर त्याच्या व्याख्येप्रमाणे त्याचं काहीच चुकलं नाही. व्याख्या आपणच दिलेली असते, घाईघाईत.

त्या वाक्यात घडी राहून गेली आहे. भाग नुसते समान असून भागत नाही. रेषेवर घडी घातली की एक भाग दुसऱ्यावर बसला पाहिजे, कोपऱ्यावर कोपरा आणि कडेवर कड.

एक ए-फोर कागद घ्या, २१० मिलिमीटर बाय २९७. त्यावर पट्टीने कर्ण आखा आणि त्या रेषेवर घडी घालायला सांगा. घडी मुलालाच घालू द्या, आपण करून दाखवू नका. कोपरे एकमेकांवर यायचे सोडून वर दोन कान निघतात. त्या दोन टोकांमधलं अंतर पट्टीने मोजायला लावा, १२ सेंटिमीटरच्या किंचित वर भरेल. ही काही केसभराची चूक नव्हे, हातभर लांबून दिसावी एवढी आहे. पण घडी घातल्याशिवाय ती कुणालाच दिसत नव्हती.

इथे एक फसगत होते, तिच्यावर लक्ष ठेवा. पट्टीने कर्ण न आखता 'तिरकी घडी घाल' म्हटलं तर बरीच मुलं समोरासमोरचे कोपरे जुळवतात आणि 'जुळलं की' म्हणून मोकळी होतात. तसं केल्यावर पडणारी घडी कर्णावर पडतच नाही. ती कर्णाच्या लंबदुभाजकावर पडते, आणि बाकीचे दोन कोपरे वाऱ्यावर राहतात. कागद उलगडून घडी नेमकी कुठून गेली ते दाखवा.

मग त्याच कागदाची आखूड कड लांब कडेवर आणून जास्तीची पट्टी फाडून टाका. उरलेल्या चौरसाची कर्णावर घडी घाला. बसली. 'आता काय बदललं?' एवढाच प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. शेजारच्या दोन बाजू सारख्या झाल्या म्हणून बसली, हे मूल स्वतः म्हणेपर्यंत पुढे जाऊ नये.

समांतरभुज चौकोन: खरी गाठ इथे आहे

आयताचं एकदा घडी घातली की सुटतं. समांतरभुज चौकोन मात्र नववी-दहावीपर्यंत पिच्छा सोडत नाही, कारण त्यात सममिती आहे हे डोळ्याला जाणवतं आणि ती अक्षाच्या रूपात सापडत नाही. मग मूल कर्णाला अक्ष ठरवून टाकतं. काही गाइडांतही हेच छापलेलं आढळतं, त्यामुळे 'पुस्तकात आहे' हा वाद घालायला मूल तयारच असतं.

यासाठी घोटीव कागद लागेल, एका बाजूला रंग आणि मागे पांढरा. त्याचा एक समांतरभुज चौकोन कापा. शेजारच्या बाजू ठसठशीत लहान-मोठ्या असू द्या, ८ आणि ५ सेंटिमीटर ठीक. आता कर्णावर कात्री चालवा. दोन त्रिकोण मिळाले. एक दुसऱ्यावर बसवा. बसतो. पण बसवताना हाताने काय केलं ते पाहा: रंगीत बाजू वरच ठेवून त्रिकोण टेबलावरच्या टेबलावर अर्धा फेरा फिरवला.

आता त्याच कागदाचा पतंग कापा, म्हणजे शेजारच्या बाजूंच्या दोन जोड्या समान असलेला चौकोन. लांब कर्णावर कापा. हे दोन त्रिकोण एकमेकांवर बसवायचे तर एक पालथा घालावा लागतो आणि पांढरी बाजू वर येते. कितीही फिरवा, रंग वर ठेवून तो बसत नाही.

पालथं घालून बसलं तर परावर्तन, नुसतं फिरवून बसलं तर घूर्णन. घडी घालणं म्हणजे अर्धा कागद पालथा घालणंच. समांतरभुज चौकोनाचे अर्धे भाग फिरवून जुळतात, पालथे घालून जुळत नाहीत, म्हणून तिथे घडी कधीच बसणार नाही. (हा प्रयोग चौरसावर करू नका. चौरसाचे अर्धे भाग दोन्ही रीतींनी बसतात आणि मुलाचा गोंधळ वाढतो.)

एवढ्यावर न थांबता आणखी एक कापाकापी करा, कारण तीच व्याख्येचा निकाल लावते. नवा समांतरभुज चौकोन घ्या. त्याचे कर्ण आखा. ते छेदतात त्या बिंदूतून वाटेल ती तिरकी रेषा काढा, मूल म्हणेल ती, आणि तिच्यावर कापा. दोन्ही भाग एकरूप निघतात. दुसऱ्या कागदावर दुसरी रेषा काढा, तरी तेच. अशा रेषा असंख्य आहेत. तेव्हा 'दोन समान भाग करणारी रेषा म्हणजे अक्ष' हे वाक्य खरं धरलं, तर समांतरभुज चौकोनाला वर्तुळासारखे असंख्य अक्ष द्यावे लागतील. हे ऐकल्यावर मूल स्वतःच ते वाक्य टाकून देतं. आपण सांगून जे होत नाही ते इथे होतं.

परीक्षेत कात्री नसते. तिथे शिरोबिंदूंचा हिशेब कामाला येतो, आणि मला तो घडीपेक्षाही आवडतो. चौकोनाला अ, ब, क, ड नावं द्या. कर्ण अक हा अक्ष आहे असं धरून चाला. घडीच्या रेषेवरचे बिंदू जागचे हलत नाहीत, म्हणजे अ आणि क तिथेच राहिले. मग ब ला जायला एकच जागा उरली, ड ची. ब जर ड वर गेला तर बाजू अब ही अड वर जाऊन पडली पाहिजे, आणि कब ही कड वर. म्हणजेच अब = अड आणि कब = कड असेल तरच कर्ण अक हा अक्ष. आयतात अब आणि अड वेगळ्या, कर्ण बाद. समांतरभुजात वेगळ्या, कर्ण बाद. समभुज चौकोनात सारख्या, दोन्ही कर्ण पास. पतंगात एकच कर्ण पास. दोन ओळींत चारही आकृत्यांचा निकाल लागतो आणि पाठ काहीच करावं लागत नाही.

'समांतरभुज चौकोनाला सममिती नसते' असं सांगून मोकळं होणं हेही अर्धवट. अक्ष शून्य, हे खरं. पण अर्ध्या फेरीने तो स्वतःवर बसतो, आणि ती सममितीच आहे. मुलाला जी जाणवत होती ती हीच. तिला नाव दिलं नाही की ते मूल पुन्हा कर्णाकडे वळतं.

फिरवताना होणाऱ्या चुका

साहित्य: ट्रेसिंग पेपर, नसेल तर बेकरीतला बटर पेपर, एक टाचणी, खाली थर्माकोलचा तुकडा. वहीतल्या आकृतीवर पेपर ठेवून ती गिरवा, मध्यभागी टाचणी टोचा आणि गिरवलेल्या आकृतीच्या एका कोपऱ्यावर लाल ठिपका द्या. ठिपका विसरलात तर प्रयोग फुकट, कारण चौरस ९० अंशांतून फिरला की हललाच नाही असं वाटतं. तसं वाटणं म्हणजेच सममिती हे खरं, पण मोजणी करायची तर फिरल्याचा पुरावा हवा.

एका पूर्ण फेरीत आकृती जितक्या वेळा स्वतःवर बसते, त्या आकड्याला सेमीतली मुलं ऑर्डर म्हणतात. मीही पुढे तोच शब्द वापरतो. चौरसाच्या ऑर्डरला ५ किंवा ३ असं उत्तर आलं तर समज बरोबर आहे, मोजायची सवय चुकली आहे. ५ म्हणणाऱ्याने सुरुवातीची स्थितीही मोजली आणि शेवटचीही. ३ म्हणणाऱ्याने दोन्ही सोडल्या. रीत एकच ठेवा: निघताना मोजायचं नाही, पोचल्यावर मोजायचं. ९०, १८०, २७०, ३६०. चार.

या रीतीने कुठल्याही वेड्यावाकड्या आकृतीची ऑर्डर निदान १ येतेच, कारण पूर्ण फेरी मारल्यावर सगळं जागेवर येतं. ऑर्डर १ म्हणजे घूर्णन सममिती नाही, हे एकदा बजावून ठेवावं. नाहीतर विषमभुज त्रिकोणापुढे 'आहे, ऑर्डर १' असं लिहिलेलं सापडतं.

दुसरी चूक टाचणीच्या जागेची. कंपासने वर्तुळं काढायच्या सवयीने असेल, पण काही मुलं टाचणी कोपऱ्यात टोचतात आणि मग 'काहीच जुळत नाही' म्हणून तक्रार करतात. चौरस, आयत, समभुज आणि समांतरभुज चौकोन यांचं केंद्र कर्ण छेदतात तिथे. समभुज त्रिकोणाचं मध्यगा मिळतात तिथे. टाचणी दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी आकृती सरकलेली दिसते, आणि प्रामाणिक मूल 'नाही जुळत' असं लिहितं. त्याला रागावण्याआधी टाचणी बघा.

तिसरी चूक सगळ्यांत चिवट: समभुज त्रिकोणाचा घूर्णन कोन ६० अंश. हा आकडा आकाशातून पडलेला नाही, तो त्रिकोणाचा आंतरकोन आहे. गंमत अशी की ही चूक चौरसामुळे रुजते. बहुतेक ठिकाणी पहिलं उदाहरण चौरसाचं असतं. चौरसाचा आंतरकोन ९० आणि फिरवायचा कोनही ९०, त्यामुळे मूल समजतं की कोपऱ्याचा कोन तोच फिरवायचा कोन. उत्तर बरोबर येतं, शाबासकी मिळते, आणि चूक पक्की होते. पुढे त्रिकोण आला की ६०, षटकोन आला की १२०, नेमकं उलट. खरं तर त्रिकोणाला १२० आणि सुसम षटकोनाला ६० अंश फिरवावं लागतं. सुसम पंचकोनाचा आंतरकोन १०८, फिरवायचा कोन ७२.

उपाय सोपा आहे: घूर्णनाचं पहिलं उदाहरण चौरसाचं देऊच नका, त्रिकोणाचं द्या. आणि ३६० ला ऑर्डरने भागायला शिकवा. आठवीच्या मुलाला एवढंही सांगता येईल की सुसम बहुभुजाकृतीत फिरवायचा कोन म्हणजे तिचा बाह्यकोन. कडेकडेने चालत जाऊन दर कोपऱ्याला वळणाऱ्या माणसाचं एकूण वळण ३६० होतं, ते सगळ्या कोपऱ्यांत सारखं वाटलं गेलं.

उत्तर लिहिल्यावरची तपासणी

आता या लेखातली सगळ्यांत कामाची गोष्ट. अक्षांची संख्या आणि ऑर्डर हे दोन आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत. अक्षांची संख्या एकतर शून्य असते, नाहीतर ऑर्डरइतकीच. तिसरी शक्यता नाही. (वर्तुळ बाजूला ठेवा, तिथे दोन्ही असंख्य.)

चौरस ४ आणि ४. आयत २ आणि २. समभुज त्रिकोण ३ आणि ३. समद्विभुज त्रिकोण १ आणि १. समांतरभुज ० आणि २. स्वस्तिक ० आणि ४. आता मुलाने आयताला 'अक्ष ४, ऑर्डर २' लिहिलं असेल तर काहीतरी चुकलंय हे त्याला आकृती न बघताही कळायला हवं. स्वस्तिकाला 'अक्ष २, ऑर्डर ४' असंही चालणार नाही.

हे असं का? एकामागून एक दोन आरशांत परावर्तन केलं की ते एका फिरवण्याइतकं होतं, आणि फिरवण्याचा कोन आरशांमधल्या कोनाच्या दुप्पट असतो. चौरसाचे शेजारचे अक्ष एकमेकांशी ४५ अंश करतात, म्हणून फिरवणं ९०. आयताचे दोन अक्ष काटकोनात, म्हणून फिरवणं १८०. त्रिकोणाचे अक्ष ६० वर, फिरवणं १२०. उलट बाजूनेही बघता येतं: एक अक्ष आहे आणि आकृती फिरूनही जुळते, तर फिरवताना तो अक्षही सोबत फिरतो आणि जिथे जातो तिथेही अक्ष असावाच लागतो.

याच नियमाने आयताच्या कर्णाचा दावा आणखी एका वाटेने मोडतो. ए-फोर कागदाचा कर्ण लांब बाजूशी साधारण ३५ अंशांचा कोन करतो. आडवी मध्यरेषा आणि कर्ण हे दोन्ही खरेच अक्ष असते, तर तो कागद सुमारे ७० अंशांतून फिरवल्यावर स्वतःवर बसायला हवा होता. टेबलावर ठेवून फिरवून बघा.

पण हा नियम अंधपणे वापरू नका. समांतरभुज चौकोनाला 'अक्ष २, ऑर्डर २' लिहिलेलं उत्तर या तपासणीत सहीसलामत सुटतं, आणि ते चूकच आहे. नियम चूक पकडतो, बरोबर असल्याची हमी देत नाही. जिथे शून्य की ऑर्डरइतके हे ठरवायचं असेल तिथे एक घडी घालून बघावीच लागते. सुख एवढंच की बसणारी एकच सापडली तरी पुरते. एक बसली तर बाकीच्या ऑर्डरच्या हिशेबाने आपोआप मिळतात.

गणितज्ञ हर्मान वाइल यांनी 'अक्ष शून्य, नाहीतर ऑर्डरइतके' या वर्गीकरणाचं श्रेय लिओनार्दो दा विंचीला दिलं आहे. मध्यवर्ती घुमटाच्या चर्चला भोवती छोटी प्रार्थनास्थळं आणि कोनाडे जोडताना मूळ इमारतीची सममिती बिघडू नये, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. सातवीतल्या मुलाला हे सांगायची गरज नाही, पण बांधकामातून आलेला प्रश्न आहे म्हटल्यावर एखादं मूल कान टवकारतं.

बहुभुजांचे अक्ष मोजताना अजून एक बारीक चूक होते. सुसम षटकोनाला अक्ष ३ किंवा ९ अशी उत्तरं येतात. तीन म्हणणाऱ्याने कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारे मोजले आणि बाजूंच्या मध्यातून जाणारे विसरला. नऊ म्हणणाऱ्याने प्रत्येक कोपऱ्यातून एक असे सहा मोजले, म्हणजे तेच तीन दोनदा, आणि वर मध्यांचे तीन. पंचकोनात हा घोळ होत नाही, कारण तिथे प्रत्येक अक्ष कोपऱ्यातून निघून समोरच्या बाजूच्या मध्यात जातो. अक्ष काढताना दोन्ही टोकं आकृतीबाहेर थोडी पुढे ओढायला लावा. तोच अक्ष दोनदा मोजणं बंद होतं.

रंग धरायचा की नाही

काही उत्तरं चुकतात ती प्रश्नातच स्पष्टता नसल्यामुळे. तिरंग्याला अक्ष किती? नुसत्या आयताकृतीला दोन. पण वर केशरी आणि खाली हिरवा धरला की आडवा अक्ष गेला, उभा एकच उरला, आणि ऑर्डर १. मधलं अशोकचक्र सुटं घेतलं तर आरे २४, अक्ष २४, ऑर्डर २४, फिरवायचा कोन १५ अंश.

याहून चांगलं उदाहरण कॅरम बोर्डावर आहे. सामन्यात लावतात तशा सोंगट्या लावा: मध्ये राणी, भोवती सहा, एक पांढरी एक काळी अशा, बाहेर बारा, त्याही एकाआड एक, आणि आतल्या पांढऱ्यांच्या रेषेत बाहेरची पांढरी येईल अशा, म्हणजे पांढऱ्यांचा इंग्रजी वाय दिसतो. रंगांकडे दुर्लक्ष केलं तर ही १९ सोंगट्यांची षटकोनी मांडणी आहे: ऑर्डर ६, अक्ष ६. रंग धरले की ६० अंशांनी फिरवल्यावर आतली पांढरी काळीच्या जागी जाते, म्हणून ऑर्डर ३ वर येते आणि अक्षही ३ उरतात. वरचा नियम दोन्ही वेळा पाळला जातो, हे मुलांकडून तपासून घ्या. सुट्टीत हे एकदा केलं की घूर्णनाचा वेगळा धडा घ्यावा लागत नाही.

रांगोळीच्या बाबतीतही तेच. ठिपक्यांच्या रांगोळीत रेषा अक्ष दाखवतात आणि रंग भरताना हात वेगळाच जातो. प्रश्न काढणाऱ्याने 'रंग विचारात घेऊन' किंवा 'फक्त रेषा पाहून' एवढे शब्द लिहिले तर निम्मी भांडणं मिटतील.

आरशातील प्रतिमा हा वेगळा प्रश्न आहे

शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या मुलांत एक जास्तीचा गोंधळ दिसतो. बुद्धिमत्तेच्या पेपरात आरशातील प्रतिमा ओळखायची असते, गणितात सममिती. मूल दोन्हींची सरमिसळ करतं: 'एन ची आरशातली प्रतिमा काढता येते, म्हणजे एन सममित आहे.' प्रतिमा कशाचीही काढता येते. ती मूळ आकृतीसारखीच निघाली, तरच परावर्तन सममिती.

इंग्रजी एन, एस आणि झेड यांची आरशातली प्रतिमा वेगळी निघते, पण वही उलटी धरली की ही अक्षरं तशीच दिसतात: अक्ष शून्य, ऑर्डर २. ए, एम, टी यांना उभा अक्ष. बी, सी, डी, ई यांना आडवा. एच, आय, एक्स यांना दोन्ही, आणि म्हणून ऑर्डरही २. पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे आडव्या अक्षातलं परावर्तन; त्याला 'उलटं करणं' म्हटलं की मूल वही फिरवतं आणि चुकतं. एफ काढा, त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब काढा, शेजारी वही फिरवून दिसणारा एफ काढा. दोन्ही वेगळे आहेत हे एका नजरेत कळतं.

घड्याळाचे प्रश्न मात्र युक्तीने सुटतात: दिसणारी वेळ ११:६० मधून वजा करा. आरशात ७:४० दिसत असतील तर खरे ४:२०. काम चालतं ते उभ्या अक्षामुळे, बारा आणि सहाला जोडणाऱ्या.

पुन्हा तपासताना काय द्यावं

तेच चौरस-आयत पुन्हा दिले तर मुलाला आकडे आठवतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. आकृत्या तिरक्या काढा. पुस्तकात त्या नेहमी पायावर उभ्या असतात, म्हणून मुलं अक्ष उभा-आडवाच शोधतात. पत्त्यांतला राजा किंवा राणी द्या: दोन तोंडांची, कुठूनही धरली तरी तशीच, ऑर्डर २ आणि अक्ष एकही नाही. घूर्णन आहे आणि परावर्तन नाही, याची इतकी हाताशी असलेली वस्तू दुसरी नाही.

आणि गणिताच्या वहीतलीच चिन्हं द्या, कारण ती पाठ केलेली नसतात. अधिकचं +, हात समान असतील तर ४ आणि ४. बरोबरचं = : २ आणि २. त्यावर तिरकी रेघ मारून ≠ केलं की दोन्ही अक्ष गेले, ऑर्डर २ तशीच राहिली. भागाकाराचं ÷ : २ आणि २. लहान-मोठ्याचं < : आडवा एक अक्ष, ऑर्डर १. टक्क्याच्या % वर मात्र वर्गात वाद होईल, तो होऊ द्यावा. ऑर्डर २ याबद्दल शंका नाही. पण शून्यं अगदी गोल असतील आणि त्यांना जोडणारी रेषा मधल्या तिरक्या रेघेला काटकोनात छेदत असेल तर अक्ष २, छेदत नसेल तर ०. कुठल्या छपाईत काय आहे ते प्रत्येकाने आपापल्या पुस्तकावर ट्रेसिंग पेपर ठेवून सांगावं.